शाईची एक रेघ आणि सिनेटचा वरचा मजला: फिलाडेल्फियातल्या एका पायी सफरीबद्दल

गेल्या ऑक्टोबरात मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. तेव्हा त्याने मला फिलाडेल्फियातल्या एका पायी सफरीचं तिकीट काढून दिलं. विषय होता अमेरिकेच्या स्थापनेत ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा. माणशी बत्तीस डॉलर, अडीच तास, एका तुकडीत जास्तीत जास्त बारा माणसं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा सफरी त्या शहरात बऱ्याच निघतात, आणि त्यातली कुठलीही निवडताना काय बघावं, काय विचारावं, हे कळावं म्हणून हे लिहिते आहे.

मी कुठून बोलते आहे ते आधी सांगते. चौतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. आमचं घराणं ख्रिस्ती, नगरकडचं. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली, आणि आमच्या घरातला पहिला बाप्तिस्मा त्यांच्याच एका पाळकाच्या हातून झाला. त्यामुळे ‘अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र’ हे वाक्य मी संडे स्कूलपासून ऐकत आले. पुढे नोकरीत पुस्तकं वाचताना दुसरं वाक्य ऐकलं, की ते संस्थापक सगळे बुद्धिवादी होते आणि धर्माशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ही दोन्ही वाक्यं मनात शेजारी शेजारी बसली होती. बत्तीस डॉलरांत त्यांचा काही उलगडा झाला तर बघावं, म्हणून गेले.

सफर सुरू होते सेकंड स्ट्रीटवरच्या क्राइस्ट चर्चपासून. मंडळीची स्थापना १६९५ची, आजची इमारत बांधायला घेतली १७२७ साली. आमचे गाइड पन्नाशीचे, आवाज स्वच्छ, आणि घाई अजिबात नाही. (निदान सुरुवातीला तरी नाही, त्याबद्दल पुढे.) त्यांनी पहिली दहा मिनिटं आम्हाला नुसतं बसू दिलं. दारं लावलेली उंच बाकं, मोठमोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड, आणि कोपऱ्यात लाकडाचं बाप्तिस्म्याचं पात्र. हे पात्र लंडनच्या एका चर्चने १६९७ साली इथे पाठवलं. ज्याने ही वसाहत वसवली त्या विल्यम पेनचा बाळपणीचा बाप्तिस्मा याच पात्रात झाला होता. तो मोठेपणी क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेला, आणि क्वेकर लोक पाण्याचा बाप्तिस्मा मानतच नाहीत. तरी त्याच्या शहरात हे पात्र जपून ठेवलेलं आहे. मी जवळ जाऊन पाहिलं. काठ गुळगुळीत झालेले आहेत, इतक्या हातांचा त्यांना स्पर्श झाला असणार.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना ज्या बाकावर बसत ते बाक दाखवतात, संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या कुटुंबाचंही दाखवतात. चर्चच्या मनोऱ्यासाठी पैसे उभे करायला फ्रँकलिनने लॉटरी काढली होती, हे मला नवीन होतं. पण माझ्यासाठी सगळ्या सफरीचे पैसे वसूल झाले ते पुढच्या पाच मिनिटांत.

गाइडनी पिशवीतून एका पानाचा मोठा फोटो काढला. प्रार्थनापुस्तकाचं पान. छापील मजकुरात राजासाठी केलेली प्रार्थना, आणि त्या राजाच्या नावावरून शाईची रेघ मारलेली. वर बारीक हस्ताक्षरात दुसरे शब्द. ४ जुलै १७७६ रोजी, म्हणजे चार-पाच गल्ल्या पलीकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशी, या चर्चच्या पंचकमिटीची बैठक झाली आणि ठरलं, की यापुढे उपासनेत राजासाठी प्रार्थना करायची नाही. पाळक होते जेकब डुशे.

ही रेघ साधी नाही. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुखच राजा. पाळकाने दीक्षेच्या वेळी त्याच्याच निष्ठेची शपथ घेतलेली. शेकडो रविवार जे शब्द तोंडातून आपोआप आले, ते एका बैठकीत पुसायचे. मी लहानपणापासून ठरलेल्या प्रार्थना म्हणत आले आहे, त्यातला एक शब्द बदलला तरी जीभ अडखळते. म्हणून तो फोटो मी गाइडकडून मागून घेतला आणि बराच वेळ हातात धरून बसले. सरळ रेघ नाही ती, मध्ये किंचित हललेली आहे.

या डुशेंची गोष्ट मात्र गाइडनी अर्धीच सांगितली. नंतर आपण कार्पेंटर्स हॉलमध्ये जातो. सुतारांच्या संघटनेची ती देखणी, आटोपशीर इमारत. तिथे सप्टेंबर १७७४ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँग्रेस भरली. सुरुवात प्रार्थनेने करावी असा ठराव आला, तेव्हा जॉन जे आणि रटलेज यांनी विरोध केला. का? तर श्रद्धा नव्हती म्हणून नव्हे, पंथ निरनिराळे, एकमत होईना म्हणून. कुणी एपिस्कोपल, कुणी क्वेकर, कुणी बॅप्टिस्ट, कुणी प्रेस्बिटेरियन, कुणी काँग्रिगेशनल. एकत्र प्रार्थना कुणाच्या पद्धतीने करणार? मग सॅम्युअल अॅडम्स उठले. ते स्वतः कट्टर काँग्रिगेशनल, पण म्हणाले की माणूस भक्तिमान, सदाचारी आणि देशाचा मित्र असेल, तर त्याची प्रार्थना मी ऐकू शकतो. आणि बोलावलं ते डुशेंना. ७ सप्टेंबरला सकाळी डुशेंनी त्या दिवसाच्या नेमणुकीतलं पस्तिसावं स्तोत्र वाचलं. माझ्याशी जे लढतात त्यांच्याशी, हे परमेश्वरा, तू लढ, असा त्याचा आरंभ आहे. बॉस्टनवर तोफा डागल्याची अफवा नुकतीच येऊन थडकली होती. जॉन अॅडम्सने बायकोला पत्रात लिहिलं, की ते स्तोत्र त्याच सकाळी वाचलं जावं अशी जणू स्वर्गातूनच योजना होती.

हे सगळं गाइडनी फार सुंदर सांगितलं. खोलीत कुणी हललं नाही. पण पुढचं सांगितलं नाही. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १७७७ मध्ये, याच डुशेंनी वॉशिंग्टनला पत्र लिहून गळ घातली, की काँग्रेसला सांगून तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्यायला लावा. शहर इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं होतं आणि त्यांचा धीर सुटला होता. मग ते इंग्लंडला निघून गेले. मी विचारलं तेव्हा गाइड म्हणाले, “मॅम, ते सांगितलं की लोक हिरमुसतात.” माझं म्हणणं, हिरमुसू द्या. ज्या हाताने रेघ मारली तोच हात पुढे थरथरला, यात त्या माणसाची श्रद्धा खोटी ठरत नाही. श्रद्धावान माणसालाही भीती वाटते, हे ज्याने पवित्र शास्त्रात भीतीपोटी येशूला नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट वाचली आहे त्याला नव्याने सांगायला नको.

याच हॉलमध्ये आणखी एक प्रसंग घडला, आणि तो सांगितल्याबद्दल गाइडचे मनापासून आभार. त्याच काँग्रेसच्या काळात आयझॅक बॅकस नावाचे बॅप्टिस्ट पाळक मॅसॅच्युसेट्सहून इथे आले होते. त्यांच्या प्रांतात सरकारमान्य काँग्रिगेशनल चर्चच्या पाळकासाठी कर भरावा लागे, न भरणाऱ्या बॅप्टिस्टांना तुरुंगात टाकत. तुम्ही इंग्लंडकडे स्वातंत्र्य मागता, मग आम्हाला का देत नाही, असा त्यांचा सवाल. त्यांना उत्तर मिळालं, की आमची धर्मव्यवस्था बदलेल अशी आशा धरणं म्हणजे सूर्यमाला बदलेल अशी आशा धरणं. मॅसॅच्युसेट्समध्ये ती व्यवस्था मोडायला १८३३ साल उजाडलं. सरकारने धर्मात हात घालू नये ही मागणी अश्रद्ध लोकांनीच केली असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. इथे तीच मागणी घेऊन एक पाळक उभा होता, आणि तो ती मागत होता देवासाठी. माझ्या शिकवण्यातली ही चूक मला त्या खोलीत कळली.

मधले थांबे लवकर सांगते. फिफ्थ आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फ्री क्वेकरांचं सभागृह आहे, १७८३चं. क्वेकर युद्ध मानत नाहीत. ज्यांनी स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतला त्यांना मंडळीतून काढून टाकलं, आणि त्या काढलेल्यांनी हे बांधलं. गाइडनी बाहेरूनच दाखवलं, पाच मिनिटं. लिबर्टी बेलपाशी रांग होती. घंटेवरचं वचन बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातलं, देशातल्या सर्व रहिवाशांना मुक्ततेची घोषणा करा, असं. घंटा मागवली १७५१ साली, पेनने वसाहतीला दिलेल्या हक्कांच्या सनदेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, आणि ते वचनही पन्नासाव्या वर्षाचंच आहे. ‘लिबर्टी बेल’ हे नाव तिला दिलं ते पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी. ‘सर्व रहिवाशांना’ हे शब्द त्यांनी शब्दशः घेतले. घंटेच्या इमारतीला लागूनच वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहत त्या घराची जागा आहे. त्या घरात नऊ गुलाम माणसं होती. गाइडनी तिथे थांबून हे स्पष्ट सांगितलं, ते बरं केलं.

इंडिपेंडन्स हॉलसाठी वेळेचं वेगळं तिकीट लागतं, ऑनलाइन काढलं तर एक डॉलर. सफरीच्या पैशांत ते धरलेलं होतं. ज्या खोलीत जाहीरनामा आणि पुढे राज्यघटना दोन्ही झाल्या, तिथे राष्ट्रीय उद्यानाचा कर्मचारी माहिती देतो आणि आपले गाइड गप्प राहतात. म्हणून आमच्या गाइडनी आत जाण्याआधी अंगणात झाडाखाली उभं करून सांगून घेतलं. इथेच आमच्या तुकडीत वाद पेटला.

टेनेसीहून आलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, की जाहीरनाम्यात चार ठिकाणी देवाचा उल्लेख आहे, मग शंका कसली? त्यावर एक तरुण मुलगी म्हणाली, की राज्यघटनेत देवाचं नावच नाही, मग शंका कसली? दोघंही तापले. गाइडनी दोघांना बोलू दिलं आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, जाहीरनाम्याच्या शेवटी जगाच्या सर्वोच्च न्यायाधीशाला साक्षी ठेवलं आहे आणि ईश्वरी कृपेवर भरवसा टाकला आहे. हे दोन्ही उल्लेख जेफरसनच्या मसुद्यात नव्हते, काँग्रेसने चर्चेत घातले. दोन, २८ जून १७८७ला एक्क्याऐंशी वर्षांच्या फ्रँकलिनने घटना समितीत सुचवलं, की रोजचं काम प्रार्थनेने सुरू करू. देवाच्या इच्छेवाचून चिमणीही जमिनीवर पडत नाही, तर त्याच्या मदतीवाचून साम्राज्य कसं उभं राहील, असं ते म्हणाले. मत्तयाच्या शुभवर्तमानातली ती चिमणी. आणि ठरावाचं काय झालं? मतालाही टाकला नाही. फ्रँकलिनने कागदावर टीप करून ठेवली, की तीन-चार जण सोडता बाकीच्यांना प्रार्थना अनावश्यक वाटली.

गृहस्थ आणि ती मुलगी दोघंही गप्प झाले. पण माझ्या मते खरी चावी त्यानंतर गाइडनी जाता जाता सांगितली तीत होती, आणि तिच्यावर त्यांनी दहा मिनिटं खर्च करायला हवी होती. १७७६ साली पेनसिल्व्हेनियाने स्वतःची घटना केली. तिच्यात विधानसभेच्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, की मी एका देवाला मानतो, आणि जुना व नवा करार दोन्ही ईश्वरप्रेरित आहेत हे कबूल करतो. म्हणजे शहरातला यहुदी माणूस सभासद होऊच शकत नव्हता, मग त्याने स्वातंत्र्यासाठी सर्वस्व दिलेलं असो. १७८३ साली इथल्या मिकवे इस्राएल या यहुदी मंडळीच्या पुढाऱ्यांनी याविरुद्ध अर्ज केला. १७९०च्या नव्या घटनेत नव्या कराराची अट गेली. त्याआधीच, १७८७ साली, देशाच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात लिहिलं गेलं होतं, की कुठल्याही पदासाठी धर्माची परीक्षा लावायची नाही. आणि ४ जुलै १७८८ला घटनेच्या आनंदात मिरवणूक निघाली, तेव्हा सगळ्या पंथांचे पाळक हातात हात घालून चालले. दोन ख्रिस्ती पाळकांच्या मधोमध त्यांचे हात धरून यहुद्यांचे धर्मगुरू होते. ख्रिस्ती माणसांनी बनवलेली अट ख्रिस्ती माणसांनी मागे घेतली. हे हरणं नव्हे. माझ्या डोळ्यांना तरी ते आज्ञापालनच दिसलं.

आता तक्रार. पलीकडेच काँग्रेस हॉल आहे. खाली प्रतिनिधिगृह भरायचं, वर सिनेट. आम्हाला फक्त खालचा मजला दाखवला. तोवर वेळ संपत आली होती, कारण तुकडीतली तीन माणसं उशिरा आल्यामुळे सुरुवातच वीस मिनिटं उशिरा झाली होती. वर जायचं का, असं मी विचारलं, तर गाइड म्हणाले, वर विशेष काही नाही, खुर्च्या आणि गालिचा. मला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन परत आले आणि वर गेले. अर्धवर्तुळात मांडलेली मेजं, तांबड्या चामड्याच्या खुर्च्या, खाली गरुडाचा गालिचा. या खोलीत ७ जून १७९७ला सिनेटने उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी केलेला तह मंजूर केला. त्याच्या अकराव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे, की अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर स्थापन झालेलं नाही. हजर तेवीस सभासद, तेवीसही मतं बाजूने. तहावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही जॉन अॅडम्सची. तोच जॉन अॅडम्स, ज्याने पस्तिसाव्या स्तोत्राबद्दल बायकोला लिहिलं. आणि त्यानेच पुढच्या वर्षी, १७९८ साली, मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना कळवलं, की आपली घटना फक्त नीतिमान आणि धार्मिक लोकांसाठी केलेली आहे.

‘श्रद्धा आणि स्थापना’ असा विषय घेऊन निघालेल्या सफरीने ती खोली चुकवावी, ही मोठी उणीव आहे. सरकार ख्रिस्ती नाही आणि लोक मात्र धार्मिक हवेत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. आमच्या तुकडीतल्या त्या दोघांना वर नेऊन उभं करायला हवं होतं.

आणि दुसरी उणीव याहून मोठी. सफर दक्षिणेला जातच नाही. सिक्स्थ स्ट्रीटने दहा-पंधरा मिनिटं चाललं की लोंबार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मदर बेथेल चर्च लागतं. हे रिचर्ड अॅलन या काळ्या पाळकाचं चर्च. जन्म गुलामीत. डेलावेअरमध्ये एका मेथडिस्ट प्रचारकाने त्याच्या मालकाच्या घरी बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या वचनावर उपदेश केला, तुला तराजूत तोललं आणि तू कमी भरलास. मालक हादरला आणि त्याने अॅलनला स्वतःची सुटका विकत घेऊ दिली. पुढे फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना अॅलनच्या सोबत्याला, अॅबसलम जोन्सला, गुडघ्यांवरून ओढून उठवलं, कारण ती जागा गोऱ्यांची. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असं तो म्हणत राहिला. प्रार्थना संपल्यावर सगळे एकत्र उठून बाहेर पडले. १७९४ साली अॅलनने एक जुनी लोहारशाळा ओढून आणून आपल्या जमिनीवर उभी केली आणि तिचं चर्च केलं. आजची इमारत नंतरची आहे, जमीन तीच. तळघरात अॅलनची कबर आहे.

मी तिथे गुडघ्यांवर बसले. मुलगा म्हणाला, “आई, तुझे गुडघे दुखतील, बाकावर बस.” मी म्हटलं, “दुखू दे रे, ज्याला उठवलं त्याच्यासाठी बसते आहे.” ज्यांच्या गुलामीतल्या भाऊबंदांना घटनेने माणूस म्हणून पूर्ण मोजलंही नाही, त्यांनी त्याच श्रद्धेतून मंडळी उभी केली, शाळा चालवल्या, १७९३च्या पिवळ्या तापात शहरातल्या गोऱ्या आजाऱ्यांची सेवा केली. राष्ट्राच्या स्थापनेतला ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा मोजायचा तर सुरुवात इथून करावी असं मला आता वाटतं.

हे शहर आपल्या बायकांनीही पाहिलं आहे. आनंदीबाई जोशी इथेच १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. त्या या रस्त्यांवरून चालल्या असतील या विचारानेच माझी पावलं हळू पडत होती.

व्यवहाराच्या गोष्टी. चालणं एकूण दोन मैलांच्या आत, पण पदपथ विटांचे आणि वरखाली, सपाट तळाचे बूट घाला. बसायला फक्त क्राइस्ट चर्च आणि कार्पेंटर्स हॉलमध्ये मिळतं. सुरक्षा तपासणी दोनदा होते, मोठी पिशवी नेऊ नका. गाइडचं इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट, माझ्यासारखीला एक वाक्यही सुटलं नाही. त्यांनी कुणाचीही श्रद्धा हलकी लेखली नाही आणि कुणाची खुशामतही केली नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा सिनेटच्या जिन्यात राहिला.

कंपनीला मी सविस्तर लिहून कळवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं, की सिनेटचा मजला आता कार्यक्रमात घेतला आहे, बेथेलचं अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत सफर संपल्यावर स्वतःच निघा. काँग्रेस हॉलमधून बाहेर पडून सिक्स्थ स्ट्रीटवर या, तिथून दक्षिणेला सरळ. तळघराचं संग्रहालय कधी उघडं असतं ते आधी फोन करून विचारा. रविवार असेल तर उपासनेलाच बसा.